पीककर्ज: गावची सोसायटी की राष्ट्रीयीकृत बँक?

व्याजात फारसा फरक नाही. दोन्हीकडे 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्र आणि राज्याच्या सवलती धरून व्याज शून्यावर येतं. खरा फरक हेलपाट्यांचा.

सोसायटीत गटसचिव, म्हणजे तिचा कारभार पाहणारा सचिव, ओळखीचा असतो, कुणाच्या रानात काय पेरलंय हे त्याला ठाऊक. सातबारा, आठ-अ दिला की बहुतेक काम भागतं. कर्जातून सोसायटीच्या शेअर्सची रक्कम मात्र कापतात, अन् संचालकांचं राजकारणही आलंच. शिवाय सोसायटीला पैसा मिळतो जिल्हा बँकेकडून. लातूरची भक्कम आहे. बीड, धाराशिवच्या बरीच वर्षं अडचणीत. तिथं वरच पैसा नसेल तर सचिव तरी काय करणार?

राष्ट्रीयीकृत बँकेत पैशाची चणचण नाही, पण बेबाकी (दुसरीकडे थकबाकी नसल्याचा दाखला), फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद), सर्च रिपोर्ट (जमिनीवर बोजा आहे का याचा वकिली अहवाल) मागतात आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या जुन्या नोंदींवरच्या गुणांवर, अडवतात. जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे शाखेत ठणकावून सांगा. जुनं-नवं (जुनं कर्ज भरून नवं उचलणं) करायलाही पेरणीच्या तोंडावर जाऊ नका, रांग दारापर्यंत असते.

माझं मत? जिल्हा बँक धड असेल तर सोसायटीच. नसेल तर एप्रिलमध्येच बँकेत फाइल द्या, पोच घ्या.