चुंबक चिकटलं नाही, म्हणून ३०४?

दुकानदार खिशातून छोटं लोहचुंबक काढतो, पाइपवर टेकवतो आणि सोडून देतो. चुंबक घसरून काउंटरवर पडतं. "बघा साहेब, चिकटतंय का? प्युअर ३०४." ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचा (एस.एस.) चांगला मानला जाणारा ग्रेड. गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने पुन्हा लावून बघतं, पुन्हा पडतं, आणि पैसे मोजले जातात. गाडीला बाहेरच्या दुकानातून बसवून घ्यायच्या सायलेन्सरच्या धंद्यात इतकी स्वस्त आणि हमखास चालणारी फसवणूक दुसरी नसेल. गंमत अशी, की त्या क्षणी दुकानदार खोटं काहीच दाखवत नसतो. चुंबक खरंच चिकटत नाही.

रत्नागिरीकडच्या एका पेट्रोल टर्बो हॅचबॅकला अशीच लाइन (इंजिनापासून मागच्या टोकापर्यंतची धुराची नळी) बसली. बिलावर फक्त 'एस.एस. पाइप किट, अडीच इंच, १६ गेज, पॉलिश'. '३०४' हा आकडा तोंडी, कागदावर कुठेच नाही. पहिल्या पावसाळ्यात मफलरच्या (आवाज दाबणाऱ्या डब्याच्या) पुढच्या वेल्डभोवती काताच्या रंगाचे ठिपके उठले. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच ठिपक्यांखाली टाचणीएवढी भोकं पडली आणि आवाज फाटला. दुकानाचं उत्तर तयार होतं : "समुद्राची हवा आहे साहेब, त्याला कोण काय करणार?"

पाइप काढून घासला आणि भंगाराच्या वखारीत एक्सआरएफ गनखाली (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राखाली) धरला. क्रोमियम साडेचौदा टक्के, निकेल जेमतेम एक, मँगनीज नऊच्या वर, तांबं दीडच्या आसपास. हा माल बाजारात 'जे-फोर' किंवा नुसतं 'दोनशे सिरीज' म्हणून ओळखला जातो. खऱ्या ३०४ मध्ये क्रोमियम १८ आणि निकेल ८ टक्क्यांच्या घरात असतं. निकेल महाग, मँगनीज स्वस्त. दुकानदाराचा सगळा नफा या एका अदलाबदलीत आहे.

चुंबक याला पकडत का नाही, ते समजून घेणं गरजेचं आहे. स्टेनलेस चुंबकाला चिकटेल की नाही, हे ते गंजेल की नाही यावर नव्हे, तर त्याच्या आतल्या स्फटिकरचनेवर ठरतं. ती रचना निकेलनेही साधता येते आणि मँगनीजनेही. म्हणून २०१, २०२, जे-फोर, ३०४, ३१६ या सगळ्यांवरून चुंबक सारखंच घसरतं. उलट ४०९ आणि ४३९ हे निकेल नसलेले ग्रेड चुंबकाला घट्ट चिकटतात, आणि कित्येक कंपन्या गाडीची मूळ लाइन त्यांचीच बनवतात. म्हणजे या चाचणीत चांगला ४०९ नापास होतो आणि जे-फोर पहिल्या नंबराने पास होतो. शिवाय खरा ३०४ बेंड मारल्यावर वाकाच्या जागी थोडा चिकटू लागतो. तेवढ्यावरून खरा माल परत करणारी मंडळीही आहेत. चुंबकाने एवढंच कळतं, की सरळ पाइपला जोरात चिकटलं तर तो ३०४ नाही. न चिकटल्याने काहीच सिद्ध होत नाही.

"फूड ग्रेड आहे, भांड्यांचं स्टील" हे वाक्यही सावध होऊन ऐकावं. त्यातलं 'भांड्यांचं स्टील' बहुतेकदा खरं असतं, कारण स्वस्त भांडी दोनशे सिरीजचीच असतात. पण वाटीत वरण राहतं, सायलेन्सरमध्ये आम्ल राहतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लाइन तापलेली असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर मागच्या मफलरात साचतं, आणि त्यात धुरातले गंधकाचे आणि नायट्रोजनचे आम्लधर्मी अंश उतरतात. बाहेरून किनाऱ्याचं मीठ. दोनशे सिरीजमध्ये कार्बनही जास्त, २०२ मध्ये ०.१५ टक्क्यांपर्यंत चालतो. वेल्डलगतचा भाग ४५० ते ८५० अंशांमधून जाताना हा कार्बन आजूबाजूचं क्रोमियम ओढून घेतो आणि वेल्डच्या कडेला गंजाला उघडा पट्टा राहतो. त्या गाडीची भोकं नेमकी याच पट्ट्यात होती. समुद्राची हवा हे कारण अर्धंच खरं. वेल्डसाठी कमी कार्बनचा ३०४एल वापरतात तो यासाठीच.

आता जाडी. ग्रेडच्या गोंगाटात याकडे कुणी बघत नाही, आणि चोरी इथेही तेवढीच होते. १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर. बसवलेला पाइप निघाला १.२, म्हणजे १८ गेज, जिन्याच्या रेलिंगला लावतात तसला. हिशेब सोपा आहे : बाहेरचा व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४९, सगळं मिलिमीटरमध्ये. उत्तर येतं मीटरला किती किलो ते. अडीच इंच म्हणजे ६३.५. जाडी १.६ धरली तर मीटरला २.४७ किलो, १.२ धरली तर १.८६. २.४ मीटरच्या लाइनमध्ये जवळपास दीड किलोचा फरक. वेल्डिंगच्या आधी नुसता पाइप काट्यावर ठेवायला सांगा. काटा नसेल तर व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा, पण सरळ भागाच्या टोकाला आणि कापल्यावर उरलेली धारदार कड कानशीने काढून. बेंडच्या बाहेरच्या अंगाला पत्रा ताणून पातळ होतोच, तिथलं माप धरू नका.

प्लास्टिकच्या वेष्टणावर छापलेलं '३०४' आणि पाइपवर लेझरने कोरलेलं '३०४' यांची किंमत शाईइतकीच. कोरणारं मशीन ज्याच्याकडे आहे तो काहीही कोरू शकतो. आकड्याला किंमत येते ती हीट नंबर (धातूच्या एका ओतणीचा नंबर) सोबत असेल आणि तोच नंबर पोलाद कारखान्याच्या टेस्ट सर्टिफिकेटवर (ईएन १०२०४ या युरोपीय मानकाप्रमाणे, ३.१ प्रकारचं) सापडेल तेव्हा. दुकानदार "सर्टिफिकेट आहे ना" म्हणून भलत्याच हीटचा कागद पुढे करतो. म्हणून आधी पाइपवरचा नंबर वाचा, मग कागद मागा.

थेंबाच्या चाचणीतही एक चलाखी आहे. बाटलीतला द्रव टाकून नऊ व्होल्टची बॅटरी लावतात आणि रंग बघतात. काही द्रव निकेल शोधतात, काही मँगनीज. एकात लाल रंग म्हणजे माल चांगला, दुसऱ्यात लाल म्हणजे दोनशे सिरीज. कुठली बाटली आहे हे न सांगता "लाल झालं, म्हणजे ओके" म्हणणाऱ्याला बाटलीचं लेबल दाखवायला सांगा आणि खात्रीच्या ३०४ च्या तुकड्यावर तोच थेंब शेजारी टाकायला लावा. थेंब असो की गन, आधी जागा घासून घ्या. निकेल-क्रोमचा मुलामा दिलेली साध्या लोखंडाची टिप (सायलेन्सरचं बाहेर दिसणारं टोक) वरवर बघितली तर मुलाम्याचंच निकेल दाखवते. साधं लोखंड ओळखायला ग्राइंडर पुरतो : लांब, पांढरट, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या. स्टेनलेसच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस.

टायटॅनियमची फसवणूक वेगळ्या जातीची. निळी-जांभळी झाक असलेली टिप दाखवून "जळकं टायटॅनियम" म्हणतात. तशी झाक स्टेनलेसवर गॅसच्या बर्नरने दहा मिनिटांत आणता येते. इथे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा कामाला येतो. आधी टिपचं वजन करा, समजा ४५० ग्रॅम भरलं. मग पाण्याने भरलेलं पातेलं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि टिप दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू न देता. काटा साधारण १०० ग्रॅम वाढला तर टायटॅनियम, ५७ च्या आसपास थांबला तर स्टील. टायटॅनियमची घनता ४.५, स्टेनलेसची ७.९, एवढंच यामागचं गणित. टिप दुहेरी भिंतीची असेल तर आत हवा अडकू देऊ नका, नाहीतर आकडा उगाच वाढतो.

याच्या उलट, जिथे गरज नाही तिथे महाग ग्रेड गळ्यात मारणारेही आहेत. हेडरला (इंजिनातून निघणाऱ्या पहिल्या नळ्यांना) ३१६ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ३१६ मधलं मॉलिब्डेनम मिठापासून वाचवतं, त्याचा उपयोग मागच्या टोकाला, तोही किनाऱ्यावर. टर्बोजवळ पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण जोरात नऊशे अंशांच्या घरात जातो. तिथे पैसे टाकायचे तर टायटॅनियम मिसळलेल्या ३२१ वर टाकावेत, किंवा मग जाड ३०४ घ्यावा. मधल्या लाइनला ४०९ किंवा ४३९ यात कमीपणा काही नाही. देशावर, रोजचा प्रवास लांबचा असेल, तर अ‍ॅल्युमिनियमचा लेप दिलेलं लोखंडही काही वर्षं नीट काढतं. फक्त वेल्डच्या जागी लेप जळतो आणि तिथून गंज सुरू होतो. चंदेरी उष्णतारोधक रंग मारलेला साधा पाइप 'अ‍ॅल्युमिनाइज्ड' म्हणून खपवतात, तो थिनरच्या बोळ्याने पुसून बघावा. जीआय (जस्ताचा लेप दिलेला) पाइप मात्र कुठेही नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि वेल्डिंगचा पांढरा धूर कारागिराला तापाने पाडतो.

माल खरा असूनही काम बिघडतं ते वेल्डिंगला. ३०४ ला ३०८एल फिलर (वेल्डिंगची तार), ३०४ लोखंडाला किंवा ४०९ ला जोडायचा तर ३०९एल. एमएसची (साध्या लोखंडाची) तार वापरली की महिनाभरात जोडावर तांबडी रेघ उठते. आर्गन वायू बाहेरून मारला पण पाइपच्या आतून सोडला नाही, तर आतली बाजू काळी, रवाळ होते आणि गंज तिथे घर करतो. जोड बंद होण्याआधी विजेरी मारून आत बघा. आणखी एक : ३०४ तापल्यावर ४०९ पेक्षा जवळपास दीडपट ताणतो. दीड मीटरची लाइन चारशे अंश तापली की सेंटिमीटरभर वाढते. फ्लेक्स (लवचीक) जोड काढून टाकून नळी सरळ जोडली, तर तडा फ्लँजपाशी (बोल्टच्या जोडकड्यापाशी) जातो आणि दोष मात्र धातूवर ढकलला जातो. मफलरचा बाहेरचा डबा ३०४ आणि आतली भोकांची नळी एमएस, हा प्रकारही रत्नागिरीच्या त्या गाडीत निघालाच. ती नळी गंजून काचलोकर उडाली होती.

जुने भाग परत घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. मूळ लाइनमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये महागडं प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. "जुनं भंगार ठेवतो, पाचशे कमी करतो" या वाक्यात तुमचं नुकसान सगळ्यात मोठं असू शकतं. कन्व्हर्टर काढून चालवणं बेकायदा तर आहेच : मोटार वाहन कायद्यात २०१९ साली बदललेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

बिलावर ग्रेड, बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये जाडी, लांबी आणि हीट नंबर लिहून घ्या. नुसतं 'एस.एस.' असेल तर पुढे भांडायला काही हातात उरत नाही, कारण जे-फोरही एस.एस.च आहे. रत्नागिरीच्या त्या बिलाचं नेमकं हेच झालं. ग्रेड लिहिलेला असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण गाडीखालचा पाइप तोवर उतरवलेला, बदललेला असतो. म्हणून बसवायच्या दिवशीच त्याच पाइपचा दोन इंचांचा तुकडा मागून घ्या, त्यावर मार्करने बिल नंबर आणि तारीख टाकून दुकानदाराची सही घ्या. खरा ३०४ विकणारा हसत सही करतो. दुसरा म्हणतो, "तुकडे आम्ही देत नाही साहेब."