आठ महिने 1909 वापरल्यावर: प्लॉटवाले कमी झाले, पण सिलेंडरवाल्याचा फोन लागेना

काल दुपारी सिलेंडरची गाडी आमच्या गल्लीत येऊन परत गेली. आठ महिन्यांतली ही तिसरी वेळ. म्हणून आज शिलाई मशीन बंद ठेवून लिहायला बसले, नाहीतर 'डीएनडी लावलं, चांगलं आहे' एवढं सांगून मोकळी झाले असते.

डीएनडी म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंदणी, ती 1909 वर START 0 असा मेसेज पाठवून होते, हे बहुतेकांना माहीत आहे. माझी अडचण काय होती ते सांगते. मी नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत थोडं लेहंग्याचं काम. नवीन गिऱ्हाईक नेहमी अनोळखी नंबरवरूनच फोन करतं. त्यामुळे 'फक्त ओळखीच्यांचे फोन वाजू दे' ही सेटिंग माझ्या कामाची नाही. ती लावली तर हातची कामं जातील. आणि न लावावी तर दिवसभर प्लॉट विकणाऱ्यांचे फोन.

नागपुरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. 'मॅडम, मिहानला लागून', 'मॅडम, समृद्धीच्या झिरो पॉइंटजवळ, एनए-टीपी, आरएल हातात', 'मॅडम, बेसा-पिपळा, फक्त बुकिंग करून ठेवा'. (मिहान, बेसा-पिपळा ही शहराच्या कडेची ठिकाणं; एनए-टीपी, आरएल ही प्लॉटच्या परवानग्यांची कागदं.) 2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत सुरू झाला तेव्हापासून हे फोन वाढले, आणि 2025 च्या जूनमध्ये पूर्ण 701 किलोमीटर खुला झाल्यावर तर ताळतंत्रच राहिलं नाही. अस्तरावर सुई खाली उतरलेली असते, एक हात कापडावर, आणि फोन वाजतो. गिऱ्हाईक असेल म्हणून उचलावा, तर प्लॉट. एकदा असा फोन घेताना रेशमी ब्लाउजची बाही तिरकी शिवली गेली, उसवावी लागली, आणि रेशमावर सुईची भोकं राहतात ती राहतातच. त्या कापडाचे पैसे मी भरून दिले. त्यानंतरच मी या गोष्टीच्या मागे लागले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी START 0 पाठवलं. बाहेर मारबतीच्या मिरवणुकीचा आवाज येत होता, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत', आणि मी मनात म्हटलं, जाताना हे फोनही घेऊन जा. त्या दिवसापासून मशीनच्या ड्रॉवरमध्ये एक वही ठेवली. नको असलेला प्रत्येक फोन त्यात: तारीख, वेळ, नंबर, कशाबद्दल.

पहिल्या महिन्याचं माझं मत अगदी वाईट होतं. सप्टेंबरात वहीत 71 फोन. क्रेडिट कार्ड, विम्याचे 140 ने सुरू होणारे फोन मात्र दोन आठवड्यांत जवळपास थांबले, ते मान्य करते. ते नोंदणी केलेले विक्रेते, त्यांना यादी पाहून फोन करावा लागतो. पण प्लॉटवाले साध्या दहा आकडी मोबाइलवरून बोलतात. त्यांनी कुठेच नोंदणी केलेली नाही, त्यामुळे डीएनडीची यादी त्यांच्यासमोर कधी येतच नाही. त्यांच्यासाठी तक्रार हा एकच उपाय, आणि तक्रार करायला मी कंटाळत होते.

मग ऑक्टोबरात दोन गोष्टी एकदम केल्या. एक, तक्रारी सुरू केल्या. दोन, नणंदेच्या सांगण्यावरून एक कॉलर आयडी ॲप घेतलं (नाव लिहीत नाही), आणि फोनमधली 'स्पॅम कॉल गाळा' ही सेटिंगही चालू केली. ॲपचं फुकटातलं रूप घेतलं. वर्षाची वर्गणी मागत होते ती माझ्या दोन ब्लाउजच्या शिलाईएवढी होती. फोन न येण्यासाठी मी पैसे का भरावेत, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

आधी त्या गाळण्याबद्दल लिहिते, कारण माझा राग त्यावर आहे.

नोव्हेंबरात सिलेंडर बुक केला. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी डिलिव्हरीवाला भाऊ भेटला.

"ताई, तीनदा फोन लावला. तुमचा फोन वाजूनच नाही राहिला का?"

मी तिथेच फोन काढून दाखवला. कॉलच्या यादीत खाली, राखाडी अक्षरांत, तीन कॉल, तिन्हींवर स्पॅमचा शिक्का. ना घंटी, ना वर सूचना. त्याने तो शिक्का पाहिला. काही बोलला नाही, फक्त स्वतःच्या फोनकडे पाहिलं. मला फार वाईट वाटलं. भर उन्हात तीन-तीन मजले सिलेंडर खांद्यावर नेणारा माणूस, आणि शेकडो अनोळखी लोकांनी मिळून त्याच्या नंबरला ठग ठरवलेलं.

असं का होतं ते मग समजलं. ही ॲपं लोकांनी केलेल्या खुणांवर आणि कॉल करण्याच्या पद्धतीवर चालतात. एकाच नंबरवरून दिवसभर अनोळखी लोकांना दहा-वीस सेकंदांचे फोन गेले की तो नंबर संशयित. डिलिव्हरीवाल्याचं कामच तसं आहे. 'घरी आहात का, खाली या', एवढंच तो बोलतो. कोणी झोपमोड झाली म्हणून रागात खूण करतं, आणि त्याचा नंबर मरतो. त्याच दिवशी संध्याकाळी प्लॉटवाल्याचा फोन मात्र छान खणखणीत वाजला. नवीन सिम, त्याच्यावर अजून कोणाची खूण नाही. म्हणजे रोज तोच नंबर वापरणारा सरळ माणूस गाळला जातो आणि महिन्याला सिम बदलणारा आत येतो. ॲपला मी पाचपैकी चार देणार होते, त्याच दिवशी दोनवर आणले.

आणि जानेवारीत ते दोनही गेले.

दुपारी तीनची वेळ. मी मशीनवर. आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "अगं, मशीन बंद कर थोडी. साहेब बोलून राहिले."

"कोण साहेब, बाबा?"

"मुंबईचे. हळू बोल."

बाबा निवृत्त शिक्षक आहेत, वय 76. आवाज त्यांनी कधी हळू केलेला मला आठवत नाही. मी आत गेले. पलंगावर आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि चष्म्याचं घर ओळीने मांडलेलं. फोन उशीला टेकवून उभा केलेला, त्यात व्हिडिओ कॉलवर खाकी शर्टातला माणूस, मागे भिंतीवर कसलं तरी बोधचिन्ह. तो म्हणत होता, "कमरे का दरवाजा बंद कीजिए, आप निगरानी में हैं।" मी हात पुढे केला आणि फोन कापला.

बाबा माझ्यावर ओरडले. "कापला काऊन? आता केस वाढंल ना! माझ्या आधारवर कोणी पार्सल पाठवलं म्हणे, त्यात काय काय निघालं." त्यांचे हात थरथरत होते. पैसे गेले नव्हते, पासबुकातला आकडा फक्त वाचून दाखवला होता. मी विचारलं, तुम्ही पहिला फोन उचलला कसा? अनोळखी नंबर होता ना? तेव्हा त्यांनी त्यांच्या फोनवरचं तेच ॲप उघडून दाखवलं. ते मीच टाकून दिलं होतं. साध्या कॉलच्या वेळी नंबराच्या वर नाव झळकलं होतं: 'सीबीआय मुंबई'. त्या ॲपात कोणीही आपलं नाव स्वतःच भरू शकतं. ठगाने सीबीआय भरलं, ॲपने बाबांना ते मोठ्या अक्षरात वाचून दाखवलं. अशी व्हिडिओ कॉलवरची, 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कुठल्याच कायद्यात नाही, पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये रेडिओवरून हेच सांगितलं होतं आणि बाबांनी ते ऐकलंही होतं. पण फोनवर नाव लिहून आलं की माणूस ऐकलेलं विसरतो.

दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून संचार साथी हे सरकारी पोर्टल उघडलं. त्यातल्या चक्षूवर, म्हणजे संशयित कॉल कळवायच्या सोयीवर, त्या कॉलची माहिती भरली. पैसे गेले असते तर चक्षूवर वेळ घालवायचा नसतो, तडक 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावायचा असतो. तो आकडा बाबांनी स्वतः मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला. मग त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं. चार निघाले. दोन माहितीचे, एक माझ्या सख्ख्या भावाच्या कॉलेजच्या काळातलं, आणि चौथं आमच्यापैकी कोणाचंच नाही. त्यापुढे 'माझा नंबर नाही' दाबलं. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि फुकट आहे. आधी का केलं नाही याची हळहळ वाटते. ॲप दोन्ही फोनमधून काढून टाकलं.

आता तक्रारींबद्दल. इथे माझं मत दोनदा बदललं.

सुरुवातीला मोबाइल कंपनीकडून उत्तर यायचं, 'अशा कॉलची नोंद आढळली नाही'. वहीत तारीख-वेळ असूनही! दोन तक्रारी अशा बंद झाल्या तेव्हा मी सोडूनच देणार होते. मग लक्षात आलं की त्यातला एक फोन माझ्या दुसऱ्या सिमवर आला होता आणि तक्रार मी पहिल्या सिमवरून केली होती. ज्या सिमवर फोन आला त्याच सिमवरून 1909 ला कळवावं लागतं. दुसरी तक्रार का बंद केली याचं उत्तर मात्र कंपनीने आजपर्यंत दिलेलं नाही.

दुसरा बदल भिशीत झाला. अशा तक्रारींचे नियम 2025 च्या फेब्रुवारीत बदलले आहेत. आधी तीन दिवसांत तक्रार करावी लागायची, आता सात दिवस मिळतात. कारवाईला 30 दिवस होते, ते नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांसाठी पाचवर आणले. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे, एका नंबराविरुद्ध 10 दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी पुरे, पूर्वी सात दिवसांत दहा लागायच्या. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात आलं की मी एकटी वहीत लिहून एक-एक तक्रार करते, तो प्लॉटवाला तर आख्ख्या गल्लीला फोन करतो. डिसेंबरच्या भिशीला बारा जणी होत्या. मी नंबर वाचून दाखवला. सात जणींच्या फोनमध्ये तोच नंबर, त्याच आठवड्यातला! शेजारच्या वहिनींनी डीएनडी घेतलेलंच नव्हतं, तरी नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध त्यांची तक्रारही घेतली गेली. चहा होईपर्यंत सात तक्रारी गेल्या. आठवड्याच्या आत तिघींना कारवाई झाल्याचा मेसेज आला. पहिल्या वेळी 15 दिवस त्या माणसाचे बाहेर जाणारे कॉल बंद होतात, पुन्हा सापडला तर वर्षभरासाठी सगळीच जोडणी तोडतात.

तो थांबला का? अठरा दिवस थांबला. मग नवीन नंबरवरून तोच आवाज, तेच 'आरएल हातात'. पण आता भिशीच्या ग्रुपवर नंबर पडला की अर्ध्या तासात पाच-सहा तक्रारी जातात. मार्चच्या पानावर 19 फोन आहेत. 71 चे 19, तेही एक रुपया न देता. आणि यात डिलिव्हरीवाल्यासारखा कोणी भरडला जात नाही, कारण तारीख-वेळ लिहून, त्याने काय विकलं ते सांगून, आपण विचार करून माणसाचा नंबर देतो. बँकेचे खरे फोन आता 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून येऊ लागले आहेत, तेवढं बाबांना पाठ करून दिलं आहे.

मग काल सिलेंडर का परत गेला? गाळण्याची सेटिंग तर मी केव्हाच बंद केली. फोन वाजला, बाबांनी उचलला, डिलिव्हरीवाला भाऊ वर आला, सिलेंडर दारात ठेवला, आणि म्हणाला, "बाबा, कोड सांगा."

मी सीताबर्डीला धागे आणायला गेले होते. बाबांनी दार लावून घेतलं. "ओटीपी कोणालाच सांगायचा नाही म्हणून तूच सांगितलं ना!" संध्याकाळी ते मला म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. जानेवारीनंतर मी ते दिवसातून दोनदा सांगत होते. डिलिव्हरीचा कोड हा त्याला अपवाद आहे हे सांगायचं माझ्या मनातच आलं नाही.

रात्री दोघं बसून ठरवलं. सिलेंडर डोळ्यांसमोर, भाऊ डोळ्यांसमोर, तरच कोड, तोही तोंडी. फोनवर कोणीही मागितला, अगदी त्याच भाऊच्या आवाजात मागितला, तरी नाही. बाबांनी हे फ्रिजवरच्या कागदावर 1930 च्या खाली लिहिलं.

आज सकाळी त्या भाऊला फोन करून मी माफी मागितली. त्याचे दोन्ही नंबर नावाने सेव्ह केले, आणि ग्रुपवर टाकून बाकीच्या अकरा जणींनाही करायला लावले. त्याने उद्या अकराच्या आत येतो म्हणून सांगितलं आहे. कोड बाबाच सांगणार आहेत.