पंक आणि रक्तपात: 'ग्रीन रूम' की 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'?

पंक संगीत (वेगवान, बंडखोर रॉक), बेताच्या पैशात काढलेला भयपट आणि कॉम्प्युटरऐवजी हातांनी घडवलेल्या जखमा हे तिन्ही एकाच सिनेमात हवं असेल, तर माझ्यापुरती निवड दोघांतच होते. एक डॅन ओ'बॅननचा १९८५ चा 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड', दुसरा जेरेमी सॉलनिएचा २०१५ चा 'ग्रीन रूम'. पहिल्यात पिंपातून गळालेल्या गॅसने मेलेली माणसं झॉम्बी होऊन उठतात, दुसऱ्यात एक पंक बँड खून पाहिल्यामुळे निओ-नाझींच्या क्लबातल्या खोलीत अडकतो. कथा याहून जास्त सांगत बसत नाही.

मेकअपची कारागिरी बघायची असेल तर 'रिटर्न'ला तोड नाही. पिंपातून निघालेला, डांबरासारखा ठिबकणारा झॉम्बी, टारमॅन, आजही थक्क करतो. मेकअप जबरदस्त आहेच, पण आतल्या ॲलन ट्राउटमनने त्याला दिलेली लडबडती चाल जास्त लक्षात राहते. टेबलाला बांधलेलं अर्धं प्रेत बाहुली आहे हे कळतं, तरी मेलेल्यांना होणाऱ्या वेदनेबद्दल ते बोलू लागलं की माझी नजर हलत नाही. झॉम्बी मेंदू खातात हे लोकांच्या डोक्यात बसवलं ते याच सिनेमाने.

अडचण येते ती आवाजाची. गॅसची गळती झाल्यापासून माणसं ओरडायला लागतात आणि ओरडतच राहतात. गॅस अंगावर घेतलेल्या फ्रँक आणि फ्रेडीचं किंचाळणं सुरुवातीला अंगावर येतं, नंतर नुसतं कानांवर पडत राहतं. कदाचित हा माझ्या कानांचा दोष असेल, पण साउंडट्रॅकवर द क्रॅम्प्स आणि ४५ ग्रेव्हसारखे बँड असताना गाण्यांपेक्षा आरोळ्याच जास्त ऐकू याव्यात, हे मला दर वेळी खुपतं. शिवाय यातली पंक मुलं वाद्याला हातही लावत नाहीत. केस, साखळ्या, जॅकेट सगळं झकास. वाजवणारे मात्र पडद्याबाहेरचे.

'ग्रीन रूम'मधली मुलं खरोखरचा बँड वाटतात. दुसऱ्यांच्या गाड्यांतून नळीने पेट्रोल ओढायचं, फसलेल्या कार्यक्रमानंतर वाट्याला आलेले मोजके डॉलर मोजायचे, तरी व्हॅन पुढच्या गावाला हाणायची. सॉलनिए स्वतः तरुणपणी हार्डकोर पंकच्या वर्तुळात वावरलेला, आणि ते जाणवतं. निओ-नाझींनी भरलेल्या क्लबात ही पोरं डेड केनेडीज या पंक बँडचं १९८१ चं नाझीविरोधी गाणं सुरू करतात, तेव्हा पहिला थेंब सांडायच्या आधीच माझ्या पोटात गोळा येतो.

आणि मग शांतता. बंद खोली, दाराबाहेर निओ-नाझींचा म्होरक्या झालेल्या पॅट्रिक स्टुअर्टचा मवाळ आवाज, आत श्वास रोखून बसलेली पोरं. बँडमधल्या अँटन येल्चिनचा हात दारातून आत ओढला जातो, त्याची अवस्था आपल्याला क्षणभरच दिसते. तो क्षण पुरतो. पुढे त्या हाताला जाड चिकटपट्टी गुंडाळून तो उरलेला सगळा सिनेमा वावरतो, जखम विसरली जात नाही. 'रिटर्न'मध्ये रक्तामांसाची मौज वाटते, इथे ते दुखतं.

'ग्रीन रूम'मध्ये उणं नाही असं नाही. चित्र बरंच अंधारं आहे, संवाद पुटपुटल्यासारखे. सबटायटल लावलेली बरी. विनोद जवळपास नाहीच, त्यामुळे चार मित्र जमवून हसतखेळत बघायचं असेल तर 'रिटर्न' लावा, तिथे तो जास्त रंगेल. एकट्याने बघणार असाल तर मी 'ग्रीन रूम'च सुचवेन, हेडफोन लावून. फक्त कुत्र्यांचे हल्ले बघवत नसतील तर जपून, ते प्रसंग फार खरे वाटतात.