लाल क्वेसारची धूळ उतरवायची, पण कोणत्या वक्राने?

क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या) रंगातून धुळीचा परिणाम वजा करायला बसलं की धूळ कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती खाते हे सांगणारे तीन वक्र समोर येतात: आपल्या आकाशगंगेचा, लघु मॅगेलनिक मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेचा आणि तिसरा 'करडा'. फरक किरकोळ वाटतो. आकडेमोड करून बघितली की वाटत नाही.

ताम्रसृती २ असलेला क्वेसार घ्या, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी आपल्यापर्यंत येताना तिप्पट झालीय. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या पाच फिल्टरांपैकी जी फिल्टरमध्ये (सुमारे ४७०० अँगस्ट्रॉम) येणारा त्याचा प्रकाश निघताना १५७० अँगस्ट्रॉमचा अतिनील होता, आय फिल्टरमधला (सुमारे ७५००) २५००चा. त्याच्या घरच्या धुळीने बी−व्ही रंग, म्हणजे निळ्या आणि हिरवट-पिवळ्या फिल्टरांतल्या तेजाचा फरक, ०.१ प्रतीने लाल केलाय असं धरू (प्रत हे तेजाचं माप; आकडा मोठा तितकं मंद). मेघाच्या वक्राने जी साधारण १.३ प्रतीने मंदावतो आणि आय ०.७ने, म्हणजे रंग अर्ध्या प्रतीहून जास्त लाल. आकाशगंगेच्या वक्राने हेच आकडे ०.८ आणि ०.७. रंग जेमतेम हलला! धूळ मात्र तेवढीच.

मेघाचा वक्र अतिनीलात सरळ चढत जातो. आकाशगंगेच्या वक्राला २१७५ अँगस्ट्रॉमपाशी फुगवटा आहे. ताम्रसृती २.४च्या आसपास हा फुगवटा नेमका आय फिल्टरवर येतो, आणि मग कागदावर तरी धूळ क्वेसारला किंचित निळा करते.

क्वेसारच्या घरच्या धुळीसाठी मी मेघाचाच वक्र घेईन. लाल झालेल्या बहुतेक क्वेसारांच्या वर्णपटात तो फुगवटा दिसत नाही, अपवाद थोडे.

करडा वक्र अतिनीलात जवळपास सपाट. बारीक कण नष्ट झाले तर तसं होऊ शकतं. अशी धूळ प्रकाश खाते आणि रंगाला फारसा धक्का लावत नाही, त्यामुळे नुसत्या रंगांवरून ती पकडता येत नाही. हाताशी मध्य-अवरक्त मापं किंवा हायड्रोजनच्या बामर रेषांची (त्याच्या वर्णपटातल्या ठरावीक दृश्य रेषांची) गुणोत्तरं असतील, तरच याच्या वाटेला जा.

आकाशगंगेचा वक्र लागतोच, पण वाटेतल्या आपल्याच धुळीसाठी, आणि सर्वांत आधी. १९९८चा धूळनकाशा वापरणार असाल तर २०११च्या फेरतपासणीप्रमाणे त्याचे आकडे सुमारे १४ टक्क्यांनी कमी करा. यादीतल्या प्रती आधीच दुरुस्त केलेल्या नाहीत ना, तेही बघा; मी एकदा तीच धूळ दोनदा उतरवून सगळे क्वेसार निळेशार करून ठेवले होते.

आणि मुळात धूळ आहे का? काही क्वेसार जात्याच लाल असतात. त्यांचा वर्णपट अख्खा कलतो, पण सरळ राहतो. धुळीने लाल झालेला निळ्या टोकाला खाली वाकतो. दोनच फिल्टरांच्या रंगात हा बाक दिसत नाही, पाचही लागतात. बाक नसेल तर कोणताच वक्र लावू नका.