मोटरहोमच्या डिझेल टाकीतील पाणी आणि मेण : कोणत्या उपायावर भर द्यावा?

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, डिझेलला प्रामुख्याने दोन गोष्टींचा त्रास होतो. एक म्हणजे टाकीत साठणारे पाणी व त्यावर वाढणारे सूक्ष्मजीव आणि दुसरी म्हणजे थंडीत इंधनातून वेगळे होणारे मेण. दोन्हींचा शेवट सारखाच होतो : फिल्टर तुंबतो, चढावर गाडी ओढेनाशी होते आणि थोड्या वेळाने इंजिन बंद पडते. लक्षण एकच असल्यामुळे मेणासाठीचे रसायन पाण्यावर आणि पाण्यासाठीचे रसायन मेणावर ओतले जाते, आणि पैसे खर्च होऊनही त्रास तसाच राहतो. म्हणून कोणते उत्पादन घ्यावे हे ठरवण्याआधी आपले वाहन वर्षभर कसे वापरले जाते, याकडे पाहावे. जे वाहन महिनोन्महिने एका जागी उभे असते त्याला पाण्याचा धोका अधिक असतो. जे उबदार प्रदेशात भरलेले डिझेल घेऊन थंड प्रदेशात जाते त्याला मेणाचा.

आधी मेणाचा विचार करू. पॅराफिन वर्गातील मेण डिझेलमध्ये मुळातच असते आणि इंधन सहज पेट घेण्यास त्याची मदतच होते. तापमान उतरू लागले की एका टप्प्यावर त्याचे स्फटिक दिसू लागतात व डिझेल गढूळ होते. हा क्लाउड पॉइंट. त्याखाली स्फटिकांनी फिल्टर बंद होतो तो टप्पा सीएफपीपी या नावाने ओळखला जातो, आणि आणखी खाली पोअर पॉइंटजवळ इंधन वाहायचेच थांबते. वाहन अडते ते सहसा सीएफपीपीच्या सुमारास, म्हणजे टाकीतले डिझेल अजून पातळ असतानाच. त्यामुळे टाकीत डोकावून ‘इंधन तर पातळ आहे’ असा निष्कर्ष काढणे फसवे ठरते.

यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे त्या ऋतूसाठी आणि त्या प्रदेशासाठी तयार केलेले डिझेल. युरोपातील ईएन ५९० मानकात समशीतोष्ण हवामानासाठी अधिक ५ अंश सेल्सिअसपासून उणे २० अंशांपर्यंत सीएफपीपीच्या सहा श्रेणी आहेत, आणि अतिथंड प्रदेशांसाठीच्या वर्गांत ही मर्यादा उणे ४४ अंशांपर्यंत जाते. पंपावर मिळणारे इंधन तिथल्या ऋतूप्रमाणे बदलते, टाकीतले मात्र बदलत नाही. त्यामुळे डोंगराळ थंड भागाकडे जाताना टाकी निघण्याच्या ठिकाणी काठोकाठ भरू नये. ती पाव भागाच्या आसपास उतरलेली असताना थंड प्रदेशात पोहोचावे, तिथे भरावी आणि मुक्कामाला थांबण्यापूर्वी काही अंतर गाडी चालवावी, म्हणजे नवे इंधन नळ्यांत व फिल्टरमध्ये पोहोचते. रात्रीच्या मुक्कामाच्या जागी पोहोचण्याआधी पंप लागणार नसेल, तर मात्र ही युक्ती उपयोगी नाही.

अशा वेळी मेणरोधक अॅडिटिव्ह (इंधनात मिसळायचे रसायन) उपयोगी पडते, पण त्याची मर्यादा समजून घ्यायला हवी. ते स्फटिक होणे थांबवत नाही. स्फटिक लहान ठेवते, म्हणजे ते फिल्टरमधून निघून जातात. साहजिकच ते क्लाउड पॉइंट येण्यापूर्वी, इंधन उबदार असताना आणि शक्यतो डिझेल भरण्याच्या लगेच आधी टाकीत गेले पाहिजे, म्हणजे ते नीट मिसळते. आधीच जमलेले मेण त्याने विरघळत नाही. त्यासाठी वेगळी आपत्कालीन द्रावणे असतात. हिवाळी डिझेलमध्ये याच जातीची रसायने आधीच असतात, त्यामुळे त्यात आणखी बाटली ओतून मिळणारा लाभ थोडाच असतो. माझ्या मते उन्हाळी इंधन अंगावर घेऊन थंडीत शिरावेच लागणार असेल, तेव्हाच या बाटलीला खरे काम असते.

केरोसिन मिसळण्याचा जुना उपाय मेणाच्या बाबतीत परिणामकारक आहे, कारण केरोसिनमध्ये जड मेण कमी असते. मात्र त्याची वंगणक्षमता कमी असते, आणि कॉमन रेल इंजिनातील (एका सामाईक नळीतून उच्च दाबाने इंधन देणाऱ्या नव्या इंजिनातील) पंपाला डिझेलखेरीज दुसरे वंगण सहसा मिळत नाही. अनेक इंजिन उत्पादक अशा मिश्रणाला परवानगी देत नाहीत, आणि करसवलतीचे केरोसिन रस्त्यावरील वाहनात वापरणे बऱ्याच देशांत बेकायदा आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात, उत्पादकाची मुभा असेल तर, याचा विचार करता येईल. नव्या इंजिनात करू नये. पेट्रोल मिसळण्याचा विचार तर दोन्हींत टाळावा, कारण डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, त्याने धोकादायकरीत्या खाली येतो.

फिल्टर हीटर हा चांगला साथीदार आहे, परंतु तो फिल्टरपुरताच. इंजिन मागे असलेल्या मोठ्या मोटरहोममध्ये इंधनाची नळी तळाखालून दूरवर जाते आणि वाऱ्याला उघडी असते. तिथले मेण फिल्टर हीटरला दिसतही नाही. ब्लॉक हीटर इंजिन गरम करतो, इंधन नाही, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता पाणी. हा विषय अधिक चिवट आहे, कारण मेण उबेने जाते, पाणी जात नाही. अर्धवट रिकाम्या टाकीत दिवसरात्रीच्या तापमानफरकाने हवा आतबाहेर होते व दव धरते. काही पाणी पंपावरूनच येते. आणि पंपावरच्या डिझेलमध्ये मिसळलेले बायोडिझेल (वनस्पती तेल किंवा चरबीपासून केलेले इंधन) साध्या डिझेलपेक्षा बरेच जास्त पाणी धरून ठेवते. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पाणी तळाशी बसते. दोहोंच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यांतील हॉर्मोकोनिस रेझिनी ही बुरशी इंधन टाक्यांत विशेष परिचित आहे. त्यांचा काळा बुळबुळीत थर फिल्टर तुंबवतो आणि त्यांनी तयार केलेली आम्ले धातू खातात.

दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या वाहनाची टाकी भरून ठेवावी की रिकामी? पाण्याच्या दृष्टीने भरलेली बरी, कारण दव धरायला हवा उरत नाही. पण उन्हाळी डिझेलने भरलेली टाकी हिवाळाभर उभी राहिली, तर पहिल्या कडक थंडीत तेच अडचणीचे ठरते. म्हणून हंगामाच्या शेवटच्या फेऱ्यांत टाकी खाली आणावी आणि पंपावर हिवाळी इंधन येऊ लागल्यावर पूर्ण भरून वाहन उभे करावे. निवड शक्य असेल तर कमी बायोडिझेल असलेले इंधन घ्यावे, कारण साठवणुकीत ते जास्त टिकते.

वॉटर सेपरेटर (इंधनातले पाणी वेगळे करणारे उपकरण) आणि बायोसाइड (सूक्ष्मजीवनाशक रसायन) यांत निवड करायची असेल, तर मी नि:संकोचपणे सेपरेटरच्या बाजूने मत देईन. पारदर्शक वाटी असलेल्या सेपरेटरमध्ये पाणी डोळ्यांना दिसते : वर पिवळसर डिझेल, खाली स्वच्छ थर आणि मध्ये आरशासारखी सरळ रेघ. त्या रेघेवर करडे तंतू दिसू लागले, की सूक्ष्मजीवांचे घर बसले असे समजावे. तळाचा कॉक सोडून हे पाणी नियमित काढले, तर त्यांना वाढायला जागाच उरत नाही. बायोसाइड त्यांना मारते, पण पाणी काढत नाही, आणि मेलेला थर सुटून फिल्टरकडे येतो. त्यामुळे टाकी घाण असताना ते टाकल्यास पुढचे काही फिल्टर एकापाठोपाठ तुंबू शकतात. ते विषारी असल्याने हातमोजे घालूनच हाताळावे आणि सांगितलेल्या मात्रेपेक्षा अधिक टाकू नये.

पाण्यासाठीच्या अॅडिटिव्हमध्येही दोन विरुद्ध जाती आहेत. एक पाण्याचे थेंब एकत्र आणून तळाशी बसवते, दुसरी त्यांचे सूक्ष्म कण करून इंजिनातून जाळून टाकू पाहते. सेपरेटर असलेल्या कॉमन रेल इंजिनाला पहिली जातच योग्य. दुसरी त्या सेपरेटरलाच निकामी करते आणि पाणी थेट इंजेक्टरपर्यंत पोहोचवते.

मोटरहोमला आणखी एक गोष्ट लागू होते, जी साध्या गाडीला नसते. मुख्य टाकीतूनच डिझेल हीटर आणि कधी जनरेटरही इंधन घेतो. हीटरची नळी बारीक असल्याने थंडीत मेण तिथेच आधी अडते, म्हणजे नेमक्या त्या रात्री ऊब जाते. हीटर महिन्यातून एकदा थोडा वेळ चालवल्यास नळीत ताजे इंधन राहते. शिवाय पिण्याच्या पाण्याचे आणि डिझेलचे तोंड वाहनाच्या एकाच बाजूला असेल, तर चुकून डिझेलच्या टाकीत पाणी किंवा अॅडब्लू (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे युरियाचे द्रावण) जाण्याचा संभव असतो. झाकणांना ठळक वेगळे रंग आणि कुलूप लावावे. असे घडल्यास चावी फिरवू नये, कारण पंप सुरू झाला की पाणी नळ्यांत पसरते.

वाहन अडलेच, तर ज्योतीने नळी किंवा टाकी तापवू नये. ते उबदार जागी न्यावे किंवा ऊन येण्याची वाट पाहावी आणि नवा फिल्टर बसवावा. हिवाळी इंधन भरलेले असताना शून्याच्या जरासेच खाली फिल्टर अडला, तर मेणाऐवजी सेपरेटरमधील पाण्याचा बर्फ झाल्याचा संशय आधी घ्यावा. काढलेला फिल्टर फेकून देऊ नये. तो ताटलीत घालून उबदार, हवेशीर आणि आगीपासून दूर अशा जागी तासभर ठेवावा : पांढरट थर वितळून गेला तर ते मेण, ताटलीत डिझेलखाली पाण्याचे थेंब जमले तर तो बर्फ, आणि काळसर चिकट थर तसाच राहिला तर टाकी उघडून धुण्यावाचून पर्याय नाही.