स्टीमपंक की सायबरपंक?

दोन्ही विज्ञानकथेचे प्रकार: सायबरपंक संगणकांच्या भविष्याचं, स्टीमपंक वाफेच्या यंत्रांच्या काळाचं. दोन्ही भावंडंच, पण थोरलं सायबरपंक. त्याची चलती असतानाच, १९८७ साली, के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने ‘लोकस’ या विज्ञानकथांच्या मासिकाला पत्र लिहून, आपण आणि दोन मित्र व्हिक्टोरियन काळावर जे लिहितो त्याला ‘स्टीमपंक’ म्हणा, असं अर्धं गमतीत सुचवलं. पुढे १९९० साली सायबरपंकच्याच गिब्सन आणि स्टर्लिंग या लेखकांनी, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज गणितज्ञ बॅबेजची अपुरी राहिलेली गणकयंत्रं यशस्वी झाली असती तर काय, यावर कादंबरी लिहिली.

सायबरपंक म्हणजे निऑनचे दिवे, पाऊस, बलाढ्य कंपन्या. यंत्र चिपच्या पोटात, दिसतच नाही. स्टीमपंकमध्ये सगळं उघडं: पितळी नळ्या, रिव्हेट, दाब दाखवणारा काटा. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ साली बॅबेजच्या आराखड्यावरून ‘डिफरन्स इंजिन’ हे गणकयंत्र बांधलं. त्याची मूठ फिरवली की आकड्यांच्या चकत्यांचे उभे खांब हलू लागतात आणि हातचा पुढे सरकताना चक्क दिसतो. हे सुख चिपमध्ये नाही!

स्टीमपंकचे शौकीन टोपीवर चिकटवतात ती दातेरी चाकं मात्र मला पटत नाहीत. फिरतच नसेल तर चाक कशाला? विचारांच्या धारेत सायबरपंकच सरस. साम्राज्य, कोळशाचा धूर, गिरण्यांत राबणारी पोरं या गोष्टींना स्टीमपंक बरेचदा बगल देतं. पण स्वतःच्या हाताने काही घडवायचं असेल, तर बेलाशक स्टीमपंक.