टिळकवाडीतली यूथ वर्कर ताई: बुजऱ्या पोरांच्या आईबापांसाठी

ज्यांचं पोर बसमध्ये कंडक्टरला थांब्याचं नाव सांगायलाही घाबरतं, त्यांनी हे जरूर वाचावं. बाकीच्यांनी पुढं कुणाला तरी पाठवावं.

आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत, आता पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला. सगळं शिकणं एकदम इंग्रजीत आणि वर्गातल्या गप्पा कन्नडमध्ये. कॉलेजात ती डबासुद्धा उघडेना, कारण खाताना सगळे आपल्याकडंच बघतात असं तिला वाटायचं. प्रॅक्टिकलच्या दिवशी हटकून पोट दुखायचं. 'लाजाळू आहे, होईल मोठेपणी बरी' म्हणणारे पाव्हणे आमच्याकडं भरपूर. पण लाजणं वेगळं आणि हे वेगळं. सोशल फोबिया, म्हणजे लोकांसमोर वावरायची भीती, म्हणून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत याची नोंद १९८० सालीच झाली आहे, आणि बहुतेकांना हे वयात येतानाच सुरू होतं.

टिळकवाडीतल्या ताईच्या केंद्रात जायच्या आधी आम्ही तिला एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात घातलं होतं. पहिल्याच दिवशी हातात माईक देऊन 'स्वतःची ओळख करून दे' म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही, त्यानंतर मामाच्या घरच्या बारशालाही आली नाही. भित्र्या पोराला थेट स्टेजवर ढकलायची ही पद्धत बंद व्हायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

टिळकवाडीतल्या या केंद्रात गट नाही, स्टेज नाही. एक पोर आणि एक यूथ वर्कर, म्हणजे तरुण पोरांबरोबर काम करणारी ताई, आठवड्यातून एकदा, पाऊण तास. पहिल्याच भेटीत ताईनं माझ्यादेखत मुलीला विचारलं, 'तुला यायचंय काय? नको वाटलं तर कधीही थांबता येईल.' मुलीच्या जिवाला धोका असेल तरच घरी सांगणार, बाकीचं बोलणं दोघींतच राहणार, हेही तेव्हाच ठरलं. आई म्हणून हे जड जातं, पण पोर त्यामुळंच बोलायला लागली.

सुरुवातीला बोलणं जवळजवळ नव्हतंच. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर दोघी नुसत्या चालायच्या. समोरासमोर खुर्चीत बसलं की डोळ्यांत बघावं लागतं, शेजारी चालताना ते लागत नाही. ताई गप्प राहू शकते, हा तिचा मोठा गुण. पोर थांबली की आपणच वाक्य पुरं करायची सवय सगळ्या मोठ्यांना असते, तिला ती नाही.

मग बस. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं जून २०२३ पासून आमच्या बायकापोरींना साध्या बसमध्ये फुकट प्रवास आहे, पण आधार दाखवून, थांबा सांगून शून्य रुपयाचं तिकीट घ्यावंच लागतं. एवढ्यासाठी माझी मुलगी रिक्षाला पैसे घालायची, नाहीतर बापाच्या गाडीवर जायची. ताईनं तिच्याकडूनच पायऱ्या लिहून घेतल्या. आधी नुसतं थांब्यावर उभं राहून दोन बस सोडायच्या. मग ताईबरोबर बसायचं आणि तिकीट ताईनं मागायचं. मग ताई मागच्या सीटवर आणि 'गोवावेस, ओंदु' (म्हणजे एक तिकीट) हे मुलीनं म्हणायचं. शेवटी एकटीनं. कुठली पायरी कधी चढायची ते मुलगीच ठरवणार. प्रत्येक वेळी निघण्याआधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतं. 'कंडक्टर ओरडेल, सगळे हसतील.' आणि उतरल्यावर खरं काय झालं ते. एका पानावर नुसतं लिहिलंय, 'त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.' ते पान तिनं आपणहून मला दाखवलं.

यामागचं कारण ताईनं आम्हाला नीट समजावलं. भीती वाटली की टाळायचं, टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेनंच पुढच्या वेळची भीती वाढते. म्हणून घरच्यांनी तिच्यावतीनं बोलू नये. आमच्या सासूबाईंना हे सगळ्यात अवघड गेलं. पाव्हण्यांनी 'कितवीला गं?' विचारलं की उत्तर त्यांच्या तोंडून आधी यायचं. आता त्या मुद्दाम चहा ठेवायला उठतात.

ताईला मराठी आणि कन्नड दोन्ही सारखंच येतं, आणि आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. मुलीची निम्मी भीती कन्नड चुकेल याची होती. खडेबाजारात पाव किलो कुंदा मागायचा सराव तिनं मुद्दाम चुकीच्या कन्नडमध्ये केला. दुकानदारानं कुंदा दिलाच की.

वर्गात हात वर करून प्रश्न विचारणं अजून जमत नाही. पण तास संपल्यावर सरांकडं जाऊन शंका विचारते, आणि डबा मैत्रिणीबरोबर खाते. मला एवढं पुष्कळ आहे.

तक्रारी दोन. ताई एकच, त्यामुळं ती रजेवर गेली की सगळं थांबतं. अशा पोरांना मधला खंड फार बाधतो, दुसरं माणूस नेमायलाच हवं. आणि भेटीचे चारशे रुपये खेड्यातल्या कितीतरी घरांना झेपणार नाहीत, सवलतीचा फलक तरी दारात लावा.

ताई डॉक्टर नाही आणि तसं सांगतही नाही. पोर जेवणखाण, झोप, कॉलेज सगळंच सोडत असेल किंवा मरणाचं बोलत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडं जा, नाहीतर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. तो फुकट आहे, रात्रीही चालू असतो. केंद्रात संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात, दुपारच्या मिळतात. पहिल्या भेटीला पोराबरोबर घरातल्या एकानंच जावं.